साथीच्या काळात कॉलेज पुन्हा उघडताना : पहिल्यांदाच जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी

महाराष्ट्रातली कॉलेजं कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि त्यानंतर तीनदा उघडावी लागली. १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या हजेरीने सुरू झाली, ती दुसऱ्या लाटेने काही आठवड्यांतच मिटली. २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली आणि जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे थांबली. मग १ फेब्रुवारी २०२२ पासून परत गाडं रुळावर आणायचं काम सुरू झालं. प्रत्येक वेळी घोषणा आणि पहिला तास यांच्यात आठवडा-दीड आठवडा मिळाला. तेवढ्यात कुणातरी प्राध्यापकाच्या हातात ‘तुम्ही कोविड समितीचे समन्वयक’ असं पत्र पडायचं. हा लेख अशा पत्र मिळालेल्या माणसासाठी आहे.

पुढची साथ कोणती असेल ते आज सांगता येत नाही. म्हणून आरोग्य विभागाला विचारायचा पहिला प्रश्न हा : हा रोग पसरतो कसा? पाण्यातून किंवा डासांमुळे पसरणाऱ्या रोगाला पुढची बरीचशी कामं लागू पडणार नाहीत. श्वासातून, हवेतून पसरणारा असेल तर जवळपास सगळी पडतील. आणि तसा असेल तर दोन गोष्टींवर सर्वाधिक पैसा, वेळ आणि डोकं लावा. एक, वर्गातली हवा सतत बदलत राहणं. दोन, आजारी माणसाला घरी राहणं परवडणं. २०२१ मध्ये असंख्य कॉलेजांची शक्ती सॅनिटायझरचे स्टँड, फवारणी आणि थर्मल गन यांत संपली आणि या दोन गोष्टी मागे राहिल्या. मुलांच्या आणि त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना हा क्रम उलटा असून चालत नाही.

समिती कुणाची करावी

फक्त विभागप्रमुखांची समिती करू नका. कोणत्या वर्गाची खिडकी गंजून बसली आहे, कोणत्या जिन्याखाली मुलं घोळका करतात, कोणत्या स्वच्छतागृहात दुपारी पाणी नसतं, हे शिपायांना आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्यापैकी एक जण समितीत हवाच. शिवाय वसतिगृहाचे रेक्टर, एक विद्यार्थी, एक विद्यार्थिनी, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे एक प्राध्यापक. हे शेवटचे का, ते पुढे येईल. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे किंवा ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी बैठकीला येतीलच असं नाही, पण त्यांना आधी जाऊन भेटून या. रुग्ण सापडल्यावर पहिल्यांदा ओळख करून घेण्यात अर्धा दिवस जातो.

समितीचा एकच मोबाइल क्रमांक ठेवा. तो सकाळी सात ते रात्री दहा कुणीतरी उचलेल अशी पाळी लावा आणि क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा. सूचनाफलकावरचं पत्रक कुणी थांबून वाचत नाही.

बंद पडलेली इमारत आधी तपासा

अनेक वसतिगृहं आणि सभागृहं २०२० मध्ये प्रशासनाने कोविड केअर सेंटरसाठी घेतली होती. तुमची इमारत अशी गेली असेल तर ती परत घेताना प्रत्येक खोलीची पाहणी करून लेखी ताबा घ्या. गाद्या, जैविक कचरा, तुटलेले नळ, सगळ्याची नोंद व्हायला हवी.

इमारत नुसतीच बंद होती तरी धोके असतात. टाकीतलं साचलेलं पाणी पूर्ण काढा, टाकी घासून धुवा आणि मग सगळे नळ, शॉवर काही मिनिटं वाहू द्या. पाइपात महिनोन्‌महिने थांबलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे फुप्फुसाला बाधणारे जंतू वाढतात. रसायनशाळेतल्या गॅसच्या रबरी नळ्या वाकवून पाहा, भेग दिसली की बदला. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, म्हणून मेन स्विच चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला एकदा फिरवा. अग्निशामक नळकांड्यांची मुदत संपलेली असते. खिडकीच्या छज्जाखाली आग्यामोहोळ असेल किंवा स्टोअरमध्ये साप निघाला तर शिपायाच्या हातात काठी देऊन पाठवू नका, सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवा.

हे काम दोन-तीन दिवसांत उरकतं. हवेचं तसं नाही.

हवा : इथे घाई नको

बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून सहा फुटांचं अंतर राखलं तरी कोंदट वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलालाही लागण होऊ शकते, आणि झाडाखाली भरलेल्या वर्गात धोका कितीतरी कमी असतो.

एक वही आणि मोजपट्टी घेऊन प्रत्येक वर्गात जा. लांबी, रुंदी, उंची, किती खिडक्या, त्यातल्या किती खरोखर उघडतात, समोरासमोर दार-खिडकी आहे की नाही, हे लिहा. मग उदबत्ती लावून ती खोलीच्या मधोमध धरा. धूर एका बाजूला सरकत खिडकीबाहेर गेला तर खोली चांगली आहे. धूर तिथल्या तिथे घुटमळला, सरळ वर जाऊन छताखाली पसरला, तर त्या खोलीत पूर्ण तास घेऊ नये. अशा खोलीत आधी काय बदल करता येईल ते पाहा. खिडकीची जाळी धुळीने इतकी बुजलेली असते की खिडकी उघडी असूनही हवा येत नाही. जाळी धुतल्यावर उदबत्ती परत लावा, फरक डोळ्यांना दिसेल.

छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. खिडक्या उघड्या असतील तर त्याचा उपयोग आहे, बंद खोलीत तो एकाचा श्वास सगळ्यांना वाटत बसतो. स्प्लिट एसीचंही तेच, तो खोलीतलीच हवा आत ओढून गार करून परत सोडतो. म्हणून संगणक कक्ष, सेमिनार हॉल, भाषा प्रयोगशाळा या एसी असलेल्या ‘चांगल्या’ खोल्या साथीत सर्वांत वाईट ठरतात. तिथे एसी लावायचाच असेल तर एक्झॉस्ट फॅन चालू आणि समोरची एक खिडकी हातभर उघडी, हा नियम करा. वीजबिल वाढेल, ते वाढू द्या.

एक्झॉस्ट किती मोठा हवा, याचा हिशोब सोपा आहे. वर्ग ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १२ फूट उंच असेल तर त्यात ७,२०० घनफूट, म्हणजे सुमारे २०४ घनमीटर हवा मावते. तासाला निदान पाच वेळा हवा बदलावी असं उद्दिष्ट अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे या वर्गाला ताशी हजारेक घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा लागेल. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो, पण बसवल्यावर प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतो. तेव्हा थोडा मोठाच घ्या किंवा दोन बसवा. तो ज्या भिंतीत बसवाल तिच्या समोरच्या बाजूने हवा आत यायला वाट हवी. आणि तो व्हरांड्यात किंवा शेजारच्या वर्गाच्या तोंडावर हवा फेकत नाही ना, हे बाहेर उभं राहून बघा. निधी नसेल तर उभा पंखा खिडकीजवळ तोंड बाहेर करून ठेवला तरी बऱ्यापैकी काम होतं.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर घ्याच, पूर्ण कॉलेजला एक पुरतं. उघड्या मैदानात ते ४२० च्या आसपास आकडा दाखवतं. बाहेर ठेवूनही भलताच आकडा येत असेल तर यंत्र परत करा. वर्ग भरलेला असताना आकडा ८०० च्या आत राहिला तर हवा उत्तम बदलते आहे. दारं-खिडक्या लावून चाळीस मुलं बसवली तर अर्ध्या तासाच्या आत तो दीड हजार ओलांडतो. हे मुलांना प्रत्यक्ष दाखवा. आकडा चढताना पाहिल्यावर खिडकी उघडायला कुणाला सांगावं लागत नाही, आणि विज्ञानाच्या मुलांना तर हा आयताच प्रकल्प आहे.

आता ऋतूंचा प्रश्न. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये खिडक्या उघड्या ठेवा म्हणणं सोपं नाही. तिथे कूलर कामाला येतो, पण तो खिडकीबाहेर बसवलेला हवा. असा कूलर बाहेरचीच हवा आत ढकलतो, समोरचं दार उघडं ठेवलं की जुनी हवा निघून जाते. तोच कूलर खोलीच्या आत ठेवला तर आतलीच हवा ओली होऊन फिरत राहते. कोकणात पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या लावतात, निदान वरचे झरोके उघडे राहतील असं बघा. वीज गेली की पंखे थांबतात, तेव्हा ज्या खोल्यांत नैसर्गिक वारा खेळतो त्या मोठ्या वर्गांना द्या. वर्षानुवर्षं ठरलेली खोल्यांची वाटणी बदलताना कुरबुर होते. प्राचार्यांनी ती ऐकून घ्यावी, पण नवी वाटणी बदलू नये.

शिकवणाऱ्याला कॉलर माइक आणि छोटा स्पीकर द्या. मोठ्याने बोललं की जास्त थेंब उडतात, आणि मास्क लावून चार तास ओरडून शिकवताना घसा बसतो तो वेगळाच. माइक नसल्यामुळे मास्क हनुवटीवर उतरतो, हे कुठल्याही वर्गात पाहायला मिळतं.

तुकड्या पाडताना बसचा मार्ग बघा

निम्मी हजेरी म्हटलं की सम-विषम हजेरी क्रमांक ही पद्धत पहिल्यांदा सुचते. ती सोपी असली तरी तालुक्याच्या कॉलेजसाठी योग्य नाही. एकाच गावातली चार मुलं एकाच जीपमधून येतात. क्रमांकाने विभागली तर गावातली लागण दोन्ही तुकड्यांत शिरते, शिवाय रोज एकट्या-दुकट्याने प्रवास करावा लागतो म्हणून मुलींना घरून पाठवत नाहीत. त्यापेक्षा मार्गावार तुकडी करा. या रस्त्यावरची सगळी गावं सोमवार ते बुधवार, त्या रस्त्यावरची गुरुवार ते शनिवार. संसर्ग झालाच तर तो एका तुकडीत अडतो आणि शोधायलाही सोपा जातो.

वेळापत्रक एसटीच्या वेळेला धरून लावा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, कॉलेजं उघडून महिनाही झाला नव्हता तेव्हा, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. वर्गात एका बाकावर एक मूल बसवत होतो, आणि तीच मुलं वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून येत होती. कॉलेजला जीप बदलता येत नाही, पण पहिला तास अर्धा तास पुढे ढकलून मुलांना दुसरी गाडी पकडायची मुभा देता येते. गाडीतही मास्क उतरवू नका आणि काच खाली ठेवा, हे चालकांच्या थांब्यावर जाऊन समक्ष सांगता येतं. आमच्याकडे एनएसएसच्या मुलांनी ते केलं आणि चालकांनी ऐकलंही.

फवारणी, थर्मल गन आणि फाटक

यावर फार वेळ घालवू नका. माणसांवर जंतुनाशक फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, तरी फवारणीचे बोगदे उभे राहिले. पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याचा धोका साधारण दहा हजारांत एकाहून कमी, असं सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं. रोजची झाडलोट, ओल्या फडक्याने पुसणं, आणि हात धुवायला साबण व पाणी एवढं पुरे.

थर्मल गन उन्हातून चालत आलेल्या मुलाला ताप दाखवते आणि लक्षणं दिसण्याआधीच रोग पसरवणाऱ्याला सोडून देते. कोविडचा रुग्ण लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासून इतरांना लागण करू शकतो. शिवाय गनसाठी फाटकावर लागलेली रांग हीच सकाळची सर्वांत मोठी गर्दी असते. फाटकं असतील तेवढी सगळी उघडा आणि मुलांना आत सोडा.

प्रयोगशाळा, अभ्यासिका, ऑफिसची खिडकी

रसायनशाळेत एक गोष्ट फार महत्त्वाची. अल्कोहोलचं सॅनिटायझर बर्नरजवळ पेट घेतं. दाराशी साबण-पाणी ठेवा, सॅनिटायझरची बाटली आत नेऊच देऊ नका. ज्याने बाहेर लावलं असेल त्याचे हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. सूक्ष्मदर्शकाची नेत्रिका प्रत्येक मुलानंतर पुसायची. बाकी प्रात्यक्षिकाच्या तुकड्या मुळातच लहान असतात आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) चालू असेल तर हवाही चांगली बदलते. म्हणून जागा थोडी असेल तर आधी प्रात्यक्षिकं सुरू करा, व्याख्यानं ऑनलाइन चालू शकतात. ऑनलाइन टायट्रेशन पाहून कुणाचा हात बसत नाही.

ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं तीन-तीन दिवस बाजूला ठेवायची पद्धत होती, तिची गरज नाही. खरा धोका अभ्यासिकेत आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे दहा-बारा तास बसतात, दुपारी तिथेच डबा खातात. अभ्यासिकेच्या खिडक्या उघड्या हव्यात, मधल्या वेळेत खोली तासभर रिकामी करायची, आणि डबा बाहेर झाडाखाली. त्यांना हाकलून देऊ नका. ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नाही त्यांच्यासाठी ती अभ्यासिका हाच आधार आहे.

शिष्यवृत्ती, बोनाफाइड, परीक्षा अर्ज यांच्या खिडकीपुढे अरुंद बोळात रांग लागते. टेबल उचलून मांडवात किंवा पोर्चमध्ये आणा आणि वर्षवार दिवस ठरवून द्या.

वसतिगृह आणि मेस

साथीने कॉलेजं मोडली ती बहुतेक इथे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा चॅपल हिलचा परिसर १० ऑगस्ट २०२० ला उघडला आणि आठवड्यातच, १७ ऑगस्टला, पदवीचे वर्ग ऑनलाइन न्यायचा निर्णय झाला, कारण वसतिगृहांत बाधितांचे एकामागून एक गट सापडत गेले. आयआयटी मद्रासमध्ये डिसेंबर २०२० मध्ये थोडीच मुलं परत आलेली असताना शंभराहून अधिक जण बाधित झाले. सगळे एकाच मेसमध्ये जेवत होते. त्यानंतर जेवण खोलीवर पोचवायची सोय झाली. वाशिम जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत फेब्रुवारी २०२१ मध्ये दोनशेहून जास्त मुलं बाधित निघाली. शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाडमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयात नवागतांच्या स्वागत समारंभानंतर आधी ६६ आणि काही दिवसांत २८० च्या वर बाधित झाले. त्यातल्या बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झाले होते.

यातून घ्यायचं ते हे. मास्क उतरतो तिथे रोग पसरतो, आणि मास्क जेवताना, झोपताना व सणसमारंभात उतरतो. खोलीतल्या तीन-चार मुलांना एक कुटुंब माना. त्यांनी आपसात मास्क लावावा असा नियम कुणी पाळणार नाही, म्हणून तो करूही नका. पण जेवणाची पाळी खोलीवार ठेवा, एका पाळीत ठरावीक खोल्याच. शक्य असेल तितकं जेवण अंगणात, गच्चीवर, मैदानात. वाढप्यांनी मास्क लावायचा, आणि वाढपी आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे आधीच ठरवा. नाही तर ताप अंगावर घेऊन तोच वाढत राहतो.

शंभर मुलांमागे निदान चार-पाच खोल्या विलगीकरणासाठी रिकाम्या ठेवा, हे माझं मत आहे. मागणी जास्त असली तरी त्या भरू नका. त्यांना स्वतंत्र संडास-बाथरूम, खिडकी आणि मोबाइलची रेंज हवी. त्या खोलीत गेलेल्या मुलाला आपल्याला शिक्षा झाली असं वाटता कामा नये. गरम जेवण, पिण्याचं पाणी, चार्जर, दिवसातून दोनदा रेक्टरचा फोन, आणि ऑक्सिमीटर. ऑक्सिजन ९३ टक्के किंवा त्याखाली येत राहिला, धाप लागली, मूल गुंगीत वाटलं तर वाट न पाहता रुग्णालयात न्यायचं. रात्री दोन वाजता गाडी कुणाची, चालक कोण, हे कागदावर लिहिलेलं असू द्या.

मोठ्या वसतिगृहाला आणखी एक उपाय आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश सापडल्यावर तिथल्या ३११ जणांची तपासणी केली. लक्षणं नसलेले दोघे सापडले आणि पुढची साखळी तुटली. जवळ वैद्यकीय महाविद्यालय किंवा विद्यापीठाची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर विचारून पाहायला हरकत नाही.

आजारी माणसाला घरी राहता आलं पाहिजे

‘बरं नसेल तर येऊ नका’ असा फलक लावून हे काम होत नाही. माणसं आजारी असताना का येतात, याची कारणं एकेक करून काढून टाकावी लागतात.

मुलं ७५ टक्के हजेरीसाठी येतात. साथीच्या काळात आजारपणाचे आणि विलगीकरणाचे दिवस हजेरीत धरले जातील, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फोनवर सांगितलं तरी चालेल, असं प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक पहिल्याच दिवशी निघालं पाहिजे. अंतर्गत परीक्षा, सबमिशन, तोंडी परीक्षा चुकली तर ती परत घेतली जाईल, हेही त्यातच. थोडी मुलं याचा गैरफायदा घेतील. घेऊ देत. त्यांच्या भीतीने खरा आजारी मुलगा परीक्षा हॉलमध्ये येऊन बसला तर त्याची किंमत कितीतरी जास्त आहे.

तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तास घेतला तरच मानधन मिळतं म्हणून येतात. त्यांना आजारी पडणं परवडतच नाही. कंत्राटी सफाई कामगारांचंही तसंच, खाडा पडला की रोजंदारी कापली जाते. ही माणसं सर्वाधिक वर्गांत आणि सर्वाधिक खोल्यांत वावरतात. विलगीकरणाच्या दिवसांचं मानधन आणि रोजंदारी कॉलेज देईल असा ठराव व्यवस्थापनाकडून करून घ्या. त्यासाठीच त्यांचा माणूस समितीत हवा. संस्थाचालक आधी नाही म्हणतील. एका आजारी माणसाने बंद पाडलेल्या वर्गांचा खर्च त्यांच्यापुढे मांडा, कंत्राटदाराशी झालेला करार मागून घ्या, आणि पुन्हा पुन्हा विचारा. फवारणीच्या खर्चातून एवढे पैसे सहज निघतात.

रोजची चौकशी वर्गशिक्षकाने करावी. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनासाठी, प्रत्येक कॉलेजात मेंटॉर-मेंटी योजना असते, एकेका शिक्षकाकडे ठरावीक मुलं असतात. त्या याद्या खऱ्या अर्थाने वापरायची हीच वेळ. ‘सर, घसा दुखतोय’ हा संदेश सकाळी सहाला आला की त्याला उत्तर ‘बरं झालं सांगितलंस, आज येऊ नको, दुपारी फोन करतो’ असंच गेलं पाहिजे. पहिल्या मुलाला कसं उत्तर मिळतं हे सगळ्या ग्रुपला कळतं, आणि पुढचे सांगतात की लपवतात ते त्यावर ठरतं.

पालकांकडून ‘काही झाल्यास जबाबदारी आमची’ असं हमीपत्र लिहून घेण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्याने एकही मूल सुरक्षित होत नाही, आणि आपल्याकडून काही कळवण्याआधी पालक दहादा विचार करतात. घ्यायचंच असेल तर आपत्कालीन फोन क्रमांक, मुलाला असलेले जुने आजार आणि घरात वृद्ध किंवा गरोदर कोणी आहे का, एवढी माहिती घ्या. ती उपयोगी पडते.

रुग्ण सापडला तर

त्याला धीर द्या आणि विचारा : लक्षणं कधी सुरू झाली, त्याआधीच्या दोन दिवसांपासून कुठे-कुठे होतास, कोणाबरोबर जेवलास, कोणत्या गाडीने आलास. चोवीस तासांत मिळून पंधरा मिनिटं जवळ असलेले लोक निकटचे संपर्क, ही कोविडच्या वेळची व्याख्या होती. पण कोंदट खोलीत एकत्र बसलेल्या सगळ्यांनाच कळवा. नाव कुठेही जाहीर करू नका. व्हॉट्सॲपवर ‘अमुक वर्गातला एक जण’ एवढंच पुरे. नाव फुटलं तर ते प्राचार्यांनी गंभीर चूक म्हणून हाताळलं पाहिजे, कारण गावात त्या मुलाच्या घरच्या दुकानावर गिऱ्हाईक येईनासं होतं.

आरोग्य केंद्राला लगेच कळवा. विलगीकरण किती दिवस, हे त्यावेळच्या आदेशावरून ठरतं आणि तो बदलत जातो. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांसाठी सात दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, असा निकष होता, त्याआधी तो जास्त दिवसांचा होता. म्हणून आदेशाची ताजी प्रत समितीच्या फाइलमध्ये वर ठेवा आणि जुनी काढून टाका.

किती रुग्ण झाल्यावर एक वर्ग बंद, किती झाल्यावर मेस बंद, किती झाल्यावर सगळं ऑनलाइन, हे आकडे शांत डोक्याने आधीच ठरवून जाहीर करा. ऐन वेळी ठरवायला बसलात तर परीक्षा, गॅदरिंग, भेटीला येणारी समिती, काहीतरी कारण निघतंच.

लस आली की

लस गंभीर आजार आणि मृत्यू टाळते, म्हणून ती मिळवून देणं कॉलेजचं कामच आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस ‘मिशन युवा स्वास्थ्य’ मोहिमेत कॉलेजातच लसीकरण झालं, त्याचा मोठा फायदा झाला. केंद्र कॉलेजात आलं की मजुरी बुडवून रांगेत उभं राहावं लागत नाही. पण कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं विसरू नका. १५ ते १७ वयाच्या मुलांना लस ३ जानेवारी २०२२ पासून मिळाली, तोवर एकाच इमारतीत लस झालेली आणि न झालेली मुलं शेजारी शेजारी होती. ज्याने लस घेतली नाही त्याला वर्गाबाहेर उभं करून कारण विचारू नका. बाजूला बसवून विचारा. अनेकदा कारण भीती नसतं, आधार कार्डावरचं चुकलेलं नाव असतं.

आणि धारवाड लक्षात ठेवा. लस झाली म्हणून खिडक्या लावू नका.

जे आले नाहीत त्यांच्याकडे जा

पहिल्या पंधरवड्यानंतर हजेरीपट घेऊन बसा. एकदाही न आलेली नावं काढा. कुणाचे वडील साथीत गेलेले असतात आणि मुलगा किराणा दुकानात लागलेला असतो. कुणा मुलीचं लग्न ठरलेलं असतं. कुणाकडे फी नसते आणि विचारायची लाज वाटते. शेवटच्या वर्षाची मुलगी अशी गळाली तर ती परत येण्याची शक्यता दर महिन्याला कमी होते, त्यामुळे या कामाला उशीर चालत नाही.

फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा ती मुलं कामावर असतात. फोन शक्यतो त्या मुलाच्या ओळखीच्या शिक्षकाने करावा, ऑफिसने नव्हे. पहिल्या फोनमध्ये फीचा विषय काढू नका. दुसऱ्या फोनच्या आधी ऑफिसमधून तीन गोष्टी विचारून ठेवा : फी हप्त्याने भरता येईल का, शिष्यवृत्तीचा अर्ज अजून उघडा आहे का, आणि बुडालेलं सत्र पुढच्या वर्षी जोडून घेता येईल का. दोन फोन उचलले गेले नाहीत तर त्याच मार्गावरच्या तुकडीतल्या मुलाबरोबर निरोप धाडा, आणि रविवारी दोन शिक्षकांनी, त्यात एक बाई असाव्यात, घरी जाऊन यावं.